एक पान जास्तीचं

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी गणपतीच्या दिवशी पंगतीत एक पान जास्तीचं मांडलं जायचं. मी बोटीवर लागलो त्या वर्षापासून आईने सुरू केलेली ही पद्धत. केळीचं पान, त्यावर मीठ, लिंबाची फोड, खोबऱ्याची चटणी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळूचं फतफतं, भाताची मूद आणि दोन मोदक. मोदकांवर तूप ती स्वतः सोडायची, वाढणाऱ्या मुलींवर ते काम टाकायची नाही.

पहिल्याच वर्षी काकूने तिला टोकलं. "गो, जित्या माणसाचां पान मांडू नये. पान मांडतत तां गेलेल्यांका." आमच्याकडे सणाला पितरांची वाडी, म्हणजे त्यांच्या नावाचा नैवेद्य, दाखवतात, तेव्हा काकूचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण आई म्हणाली, "तो येतलो म्हणान मांडलंय." पान तिथेच राहिलं. आरती संपता संपता दारात जो कोणी यायचा, भजनातला एखादा मुलगा, नाहीतर नारळ काढणारा पाडेली, त्याला ती त्या पानावर बसवायची. पान कधी वाया गेलं नाही.

हे सगळं मला आधी पत्रांतून आणि पुढे फोनवरून कळायचं. १९९४ ते २०२१ अशी सत्तावीस वर्षं मी मरीन इंजिनियर म्हणून बोटीवर काढली. त्यात गणपती घरी मिळाले ते नऊ. बाकीची सगळी वर्षं आईच्या पंगतीतलं ते पान माझं होतं.

नाताळाचं उलट झालं. नाताळात मी कुठल्या ना कुठल्या परक्या बंदरात असायचो, आणि तिथे कुणीतरी मला त्यांच्या पानावर बसवायचं. त्या पानांबद्दल लिहायचं बरीच वर्षं मनात होतं.

परदेशातला नाताळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ, लाल डगल्यातला सांताक्लॉज आणि दिव्यांनी मढवलेलं झाड येतं. ते खोटं नाही, पण ते रस्त्यावरून दिसणारं चित्र आहे. बंदरावर उतरलेला खलाशी रस्त्यावरच असतो, म्हणून त्यालाही आधी तेवढंच दिसतं. मग २४ डिसेंबरची दुपार उलटली की युरोपातल्या बहुतेक गावांत दुकानं भराभर बंद होतात, ट्राम रिकाम्या धावतात, आणि माणसं दारं लावून घरात जातात. रस्त्यावर उरतो फक्त परका माणूस. सण दाराच्या आत असतो. आणि तो २५ तारखेच्या सकाळइतकाच, कित्येक देशांत त्याहूनही जास्त, २४च्या रात्रीचा असतो. हे लक्षात यायला मला चार-पाच नाताळ जावे लागले.

पहिला नाताळ भर समुद्रात गेला. आमचा क्रू बहुतेक फिलिपिनो होता. जगातल्या बोटींवर सगळ्यांत जास्त माणसं त्याच देशाची असतात, त्यामुळे मी नाताळ शिकलो तो खरं तर त्यांच्याकडून. त्यांचा नाताळ १ सप्टेंबरला सुरू होतो. ज्या महिन्यांच्या नावाच्या शेवटी 'बर' येतं ते चारही महिने नाताळाचे, असा त्यांचा साधा हिशोब. १ सप्टेंबरला सकाळी नाश्त्याला गेलो तर मेसमध्ये नाताळाची गाणी लागलेली. घरी तेव्हा गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायची लगबग चालली असणार, या विचाराने मी कालवून गेलो होतो आणि हे लोक आनंदात गात होते. चीफ कुकने माझं तोंड बघितलं आणि न विचारता एक अंडं जास्तीचं वाढलं.

हा चीफ कुक पम्पांगा प्रांतातला. तिथल्या सान फर्नांडो शहरात दरवर्षी डिसेंबरात राक्षसी आकाराच्या कंदिलांची स्पर्धा असते, एकेका कंदिलात हजारो दिवे. फिलिपिन्समध्ये घरोघरी चांदणीच्या आकाराचा कंदील लावतात, त्याला म्हणतात 'पारोल'. मुळात तो बांबूच्या कामट्यांचा आणि पातळ कागदाचा. म्हणजे आपला आकाशकंदीलच. मी लहानपणी गव्हाच्या पिठाची खळ करून पाचकोनी चांदणी चिकटवत असे, तेच काम. बोटीवर बांबू कुठून येणार? मालाच्या पेट्यांच्या लाकडी पट्ट्या त्याने तासून घेतल्या. कागदासाठी सेकंड ऑफिसरकडून रद्द झालेले समुद्राचे नकाशे मागून आणले. आत बल्ब लावल्यावर त्या कागदावरचे पाण्याच्या खोलीचे आकडे उजळून निघाले. एका पाकळीवर मलाक्काची सामुद्रधुनी, दुसरीवर कुठल्यातरी बंदराचं तोंड. मेसच्या दारावर तो कंदील जानेवारीपर्यंत होता. मी जेवताना आकडे वाचत बसायचो.

श्रीमंतांच्या घरी पारोल शिंपल्यांचा असतो, असं तो सांगायचा. चपटे, जवळजवळ पारदर्शक शिंपले. मला एकदम आमच्याकडच्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या आठवल्या. काचेऐवजी तेच शिंपले लाकडी चौकटीत बसवलेले असतात. मी त्याला चित्र काढून दाखवलं. दोन देशांत एकच शिंपला, त्याने कंदील केले, आपण खिडक्या केल्या. यावर आम्ही दोघं पुष्कळ वेळ बोललो होतो, आणि आमच्या मैत्रीची सुरुवात तिथे झाली असं मी मानतो.

१६ डिसेंबरपासून २४पर्यंत नऊ दिवस त्यांच्याकडे पहाटेची प्रार्थना असते, 'सिम्बांग गाबी'. शेतावर, मासेमारीला जायच्या आधी माणसांना देवळात जाता यावं म्हणून वेळ अंधारातली. आमच्या काकड आरतीसारखीच थंडी, अंधार, झोपाळलेली मुलं. बोटीवर पाद्री नसतो. बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, पहाटे साडेतीनला सगळ्यांना उठवायचा, मेसमध्ये बायबलातला उतारा वाचायचा, आणि चार वाजता ज्याचा वॉच, म्हणजे पाळी, असेल तो ब्रिजवर किंवा खाली इंजिन रूममध्ये जायचा. नऊ दिवस न चुकता उठलं तर मनातली इच्छा पुरी होते म्हणतात. मीही नऊ दिवस उठलो. पहाटे चारचा वॉच माझाच होता, त्यामुळे उठावं लागतच होतं, पण मी अर्धा तास आधी जाऊन त्यांच्यात बसलो.

त्या प्रार्थनेनंतर देवळाबाहेर बिबिंगका विकतात. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, खाली केळीचं पान, आणि मातीच्या भांड्याच्या खाली निखारे, वरच्या झाकणावरही निखारे. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरात बेबिंक असंच वरून विस्तव देऊन थर थर भाजतात. गॅलीतल्या, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातल्या, विजेच्या भट्टीत कुकने बिबिंगका केला, पण केळीचं पान नाही म्हणून तो दिवसभर हळहळत होता. पानाचा वास नसेल तर काय खायचं, असं म्हणाला. हे दुःख कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

२४च्या मध्यरात्री त्यांचं मोठं जेवण, 'नोचे बुएना'. सगळे बसले तेव्हा कुकने खिशातून पाकीट काढलं, त्यातला बायकोचा आणि दोन मुलींचा फोटो पाण्याच्या ग्लासला टेकून उभा केला आणि मग घास घेतला. एकेक करून बाकीच्यांनीही फोटो काढले. माझ्या पाकिटात फोटो नव्हता. पुढच्या सुट्टीत घरून निघताना मी आई-बाबांचा फोटो मागून घेतला.

सगळीकडेच असं मन गुंतलं असं नाही. जपानात योकोहामाला २५ डिसेंबर कामाचा दिवस. तिथे तो सुट्टीचा नाहीच. तरी नाताळाला केंटकीचं तळलेलं चिकन खायची चाल घरोघरी आहे, ती १९७४मधल्या एका जाहिरात मोहिमेने पाडलेली, आणि सोबत स्ट्रॉबेरीचा पांढरा केक. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला ऐन उन्हाळा, लोक समुद्रावर कोळंबी भाजत होते. छान होतं, पण त्यात माझी जागा कुठे आहे हे मला शोधता आलं नाही. दोन्ही वेळा संध्याकाळी बोटीवर परत आलो.

हाम्बुर्ग वेगळं. एल्बे नदीवरून बोट आत येते तेव्हा डिसेंबरात धक्क्यावरच्या काही बोटींच्या डोलकाठीच्या टोकाला नाताळाचं झाड बांधलेलं दिसतं. खाली धुकं आणि वर, कुणाचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर ते हिरवं झाड. घरांच्या मेजांवर मेणबत्त्यांचं चक्र असतं, आता सगळ्या जगात पोचलेलं. ते याच गावचं. १८३९मध्ये योहान हिनरिख विखर्न नावाच्या धर्मोपदेशकाने हाम्बुर्गमध्ये अनाथ, गरीब मुलांसाठी चालवलेल्या आश्रमात एका गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. नाताळ कधी येणार, कधी येणार म्हणून मुलं सारखी विचारायची, त्यांना रोज एक मेणबत्ती पेटवून दिवस मोजता यावेत म्हणून. रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या लहान लाल. आता घरांत फक्त रविवारच्या चार उरल्यात. ज्या मुलांची वाट बघणारं घरी कुणी नव्हतं, त्यांना वाट बघायला शिकवणारं ते चाक होतं, हे कळल्यापासून ते शोभेचं वाटत नाही मला.

खलाशांची आठवण या गावाने जितकी ठेवली तितकी कुणी ठेवली नसेल. १९५३पासून उत्तर जर्मनीचं नभोवाणी केंद्र २४ डिसेंबरला समुद्रावरच्या माणसांसाठी खास कार्यक्रम प्रसारित करतं, 'ग्रुस आन बोर्ड', म्हणजे बोटीवर नमस्कार. घरची माणसं येऊन बोलतात, मुलं बापाला कविता म्हणून दाखवतात, आणि शॉर्टवेव्हवरून ते दूरच्या समुद्रापर्यंत जातं. एका वर्षी आमच्या जर्मन चीफ इंजिनियरने रेडिओला कान लावला होता. अटलांटिकमध्ये होतो, आवाज येत-जात होता. त्याच्या घरचं कुणी त्या दिवशी बोलणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं. तो बाकीच्यांच्या घरचं ऐकत होता. मी त्याच्या शेजारी बसून, एक अक्षर न कळता, शेवटपर्यंत ऐकलं.

हाम्बुर्गच्याच धक्क्यावर सीमेन्स मिशन या खलाशांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेची दोन माणसं गँगवेने वर आली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक बुटाचं खोकं ठेवून गेली. रंगीत कागदात गुंडाळलेलं. आत हाताने विणलेली लोकरीची टोपी, मोजे, साबण, टूथपेस्ट, चॉकलेट आणि एक चिठ्ठी. अशी खोकी गावोगावची माणसं भरून मिशनकडे देतात, विणणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्या बाया. माझी टोपी निळी होती, एका बाजूला टाका सुटला होता तो वेगळ्या रंगाच्या लोकरीने सांधलेला. ती टोपी मी अकरा हिवाळे वापरली. ज्या बाईने विणली तिला हे कधी कळणार नाही.

आता ग्दान्स्कचं सांगतो. बाकी सगळं त्याच्या अलीकडचं-पलीकडचं आहे.

२००८च्या नोव्हेंबरात बाबा गेले. मी तेव्हा दक्षिण अटलांटिकमध्ये होतो. कॅप्टनने केबिनमध्ये बोलावून सांगितलं. पुढचं बंदर आठ दिवसांवर. घरी पोचलो ते बाराव्याला, तोवर सगळं धाकट्या भावाने केलेलं. मी फक्त अंगण बघत उभा राहिलो. त्यानंतरचं पुढचं वर्ष कामात काढलं, आणि २००९च्या डिसेंबरात आमची बोट दुरुस्तीसाठी पोलंडमध्ये ग्दान्स्कच्या ड्राय डॉकमध्ये चढली.

ड्राय डॉकमधली बोट बघवत नाही. खालचं पोट उघडं पडलेलं, पाण्याचा हेलकावा नाही, इंजिन थंड. २३ तारखेला यार्डाचं काम थांबलं. आमच्याबरोबर काम करणारा फोरमन साठीला आलेला, बोलायला कमी. त्याने मला विचारलं, उद्या काय करणार? मी म्हटलं, बोटीवर आहे. तो म्हणाला, चार वाजता येतो. एवढंच.

घरी न्यायच्या आधी त्याने गाडी यार्डाच्या दोन नंबरच्या गेटपाशी थांबवली. तिथे बेचाळीस मीटर उंचीचे तीन क्रूस उभे आहेत आणि क्रूसांवर नांगर चढवलेले आहेत. १९७०च्या डिसेंबरात, नाताळ दोन आठवड्यांवर आलेला असताना सरकारने खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या किमती वाढवल्या. यार्डातले कामगार रस्त्यावर आले. ग्दान्स्क, ग्दिनिया आणि किनाऱ्यावरच्या इतर गावांत त्यांच्यावर गोळ्या चालल्या, चाळीसहून जास्त माणसं मेली. दहा वर्षांनी, १९८०मध्ये, सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेने हक्क मिळवल्यावर याच गेटपाशी हे स्मारक उभं राहिलं. आणि वर्षभरात, १३ डिसेंबर १९८१ला लष्करी कायदा आला, हजारो माणसं तुरुंगात गेली. त्या नाताळाच्या आदल्या रात्री व्हॅटिकनमध्ये पोपने, जो स्वतः पोलिश होता, आपल्या खिडकीत मेणबत्ती लावली. फोरमनने हे इतकं सविस्तर सांगितलं नाही, पुष्कळसं मी नंतर वाचलं. तो त्या गेटवर टोपी काढून मिनिटभर उभा राहिला. क्रूसांच्या पायथ्याशी काचेच्या डब्यांत दिवे जळत होते. मग म्हणाला, चल, आई वाट बघत असेल.

डिसेंबरात ग्दान्स्कला साडेतीनच्या आत सूर्य बुडतो. २४च्या रात्रीच्या जेवणाला तिथे 'विगिलिया' म्हणतात, आणि आकाशात पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. फोरमनची नात खिडकीला नाक लावून उभी होती. आभाळ भरलेलं, चांदणी कुठून दिसणार? शेवटी तिला यार्डातल्या क्रेनच्या टोकावरचा दिवा दिसला, आणि ती ओरडली. तिच्या पणजीने मान डोलावली. चांदणी उगवली.

टेबलावर पांढरी चादर, आणि चादरीखाली ठिकठिकाणी उंचवटे. मी हात लावून बघितलं, तर गवत. खरं वाळलेलं गवत. येशू गोठ्यात गव्हाणीत जन्मला, त्याची ही आठवण. माणसं सहा आणि ताटं आठ. एक माझं असणार हे मी धरलं. म्हणजे अजून एक कुणी यायचं आहे, असं समजून मी दाराकडे बघत राहिलो.

जेवायच्या आधी प्रत्येकाच्या हातात पोस्टकार्डाएवढी एक पातळ पांढरी वडी आली. पीठ आणि पाणी, दुसरं काही नाही, वर येशूजन्माचं चित्र उठवलेलं. नाव 'ओप्वातेक'. एकेकाने दुसऱ्यासमोर जायचं, त्याच्या वडीचा तुकडा मोडायचा, आपल्या वडीचा त्याला मोडू द्यायचा, आणि वर्षभरासाठी त्याचं चांगलं चिंतायचं. भांडण झालेलं असेल तर ते इथे मिटवायचं. मी मनात म्हटलं, हा तर तिळगूळ. फोरमनची आई माझ्यासमोर आली. नव्वदीची असेल, हात थरथरत होते. माझ्या वडीचा कोपरा मोडून ती पोलिशमध्ये बराच वेळ माझ्याशी बोलली. मला एक शब्द कळला नाही. मीही तिच्याशी मालवणीत बोललो. बाबा गेल्यानंतर त्यांच्याबद्दल मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो ते त्या बाईशी.

जेवणात बारा पदार्थ, एकातही मांस नाही. आपल्या उपवासासारखा नेम, फक्त मासा चालतो. बीटाचं लालभडक सार आणि त्यात मश्रूम भरलेल्या इवल्या कानवल्या. आंबवलेली कोबी भरून उकडलेल्या करंज्या, त्यांना पिएरोगी म्हणतात. हेरिंग मासा. तळलेला कार्प, ज्याचं एक खवलं फोरमनने धुऊन पुसून माझ्या पाकिटात घातलं, वर्षभर पैसा टिकतो म्हणून. सुक्या फळांचं गोड पाणी. आणि शेवटी एका वाडग्यात कुत्या. मी चमचा तोंडात घातला आणि थांबलो. अख्खे गहू शिजवलेले, मध, सुकामेवा आणि वाटलेली खसखस. आई जी गव्हाची खीर करते, गूळ-खसखस घालून, तिची ही सख्खी मावसबहीण होती.

आठवं ताट तसंच होतं. कुणी आलं नव्हतं. शेवटी मी विचारलं, कुणाची वाट बघताय? फोरमनने आईला विचारलं, ती बोलली आणि त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. हे ताट येणाऱ्याचं. आज रात्री दारात कुणीही परका आला तर त्याला परत पाठवायचं नाही, म्हणून आधीच मांडून ठेवायचं. मग नातीने विचारलं, आणि पणजोबांचं? म्हातारीने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. नवऱ्याचा फोटो. म्हणाली, त्याचंही हेच.

मला काकू आठवली आणि आई आठवली. पान मांडतत तां गेलेल्यांका. तो येतलो म्हणान मांडलंय. वेंगुर्ल्याच्या माजघरात त्या दोघींचं ज्यावरून जुंपलं होतं, ते इथे एकाच ताटात नांदत होतं.

मी उठून माझं ताट उचललं आणि त्या आठव्या जागेवर जाऊन बसलो. विचार करून केलं असं नाही. फोरमन काही म्हणाला नाही. त्याच्या आईने माझ्यासमोरच्या वाडग्यात अजून एक डाव कुत्या वाढली. मध्यरात्री आम्ही सगळे बर्फातून चालत देवळात गेलो.

पुढे शोधायला लागलो तर ही जागा ठिकठिकाणी सापडली. लिथुआनियाच्या क्लायपेडा बंदरातल्या एजंटने सांगितलं, त्यांच्याकडेही बारा पदार्थ, खसखशीच्या दुधात भिजवलेली बारीक बिस्किटं, आणि जेवण झाल्यावर टेबल आवरायचं नाही. रात्री घरातले गेलेले येऊन जातात. पोर्तुगालमध्येही काही घरांत २४च्या रात्रीचं मेज तसंच ठेवतात, उकडलेला खारा कॉड, बटाटे आणि कोबी खाऊन झाल्यावर, त्यांच्या पितरांसाठी. ज्या पोर्तुगालकडून आपल्याला 'नाताळ' हा शब्द मिळाला, त्याच्याकडे वाडीसारखं काही असावं याचं मला फार बरं वाटलं.

फिनलंडमध्ये तुर्कूला तर सगळं शहर जमतं. तिथे १३२०च्या दशकापासून, मधली मोजकी वर्षं सोडली तर दरवर्षी, नाताळाची शांती जाहीर होते. २४ तारखेला दुपारी बाराचे ठोके पडले की जुन्या चौकातल्या एका वाड्याच्या सज्जातून गुंडाळी उलगडून वाचतात. मूळ मजकूर १८२७च्या मोठ्या आगीत जळाला, तो एका कारकुनाने आठवून पुन्हा लिहिला. मी चौकात उभा होतो. वाचन झाल्यावर लोक घरी गेले नाहीत, पिशव्यांतून मेणबत्त्या घेऊन स्मशानाकडे निघाले. मीही मागोमाग गेलो. अंधार पडेपर्यंत सगळं स्मशान पिवळं झालं होतं. बर्फात हाताने खळगा करायचा, त्यात मेणबत्ती ठेवायची. ज्यांची माणसं दुसऱ्या गावी पुरलेली आहेत, त्यांच्यासाठीही स्मशानात वेगळी जागा असते. तिथे मेणबत्त्यांची दाटी. मी तिथे एक लावली.

तारखांचं एक राहिलं. आमचा एक सेकंड इंजिनियर ओडेसाचा, युक्रेनियन. २०१३मध्ये आम्ही एकत्र होतो. तो २५ डिसेंबरला आमच्याबरोबर जेवायचा, पण त्याचा खरा नाताळ ७ जानेवारीला. १५८२मध्ये पोप ग्रेगरीने कालगणना सुधारली ती पूर्वेकडच्या चर्चने मानली नाही, म्हणून जुन्या पंचांगाचा २५ डिसेंबर तेरा दिवसांनी येतो. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे टिळक पंचांगाने चालणाऱ्यांचा गणपती काही वर्षी बाकीच्यांच्या आधीच येऊन जातो, घरं तीच, देव तोच. तो खूश झाला. ६ जानेवारीच्या संध्याकाळी त्याने केबिनमध्ये कुत्या केली आणि वाटी घेऊन माझ्याकडे आला. युद्ध सुरू झाल्यावर, २०२३मध्ये युक्रेनने कायदा करून ७ जानेवारीची सुट्टी २५ डिसेंबरवर आणली. त्या वर्षी २४ डिसेंबरला त्याचा फोटो आला, कुत्याचं वाडगं आणि बाजूला मेणबत्ती, कारण वीज गेलेली. खाली लिहिलं होतं, या वर्षी आपण एकाच दिवशी जेवतोय.

आता मी घरी आहे. १ सप्टेंबरला पम्पांगाहून कुकचा फोन येतो, तोही आता निवृत्त. मागे कंदील दिसतो. २५ डिसेंबरला सकाळी शेजारची मावशी ताटावर विणलेला रुमाल टाकून नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंक घेऊन येते, आणि आई ते ताट रिकामं परत जाऊ देत नाही. गणपतीत आता माझं पान माझंच असतं. तरी आई एक जास्तीचं मांडतेच. काकू गेली, आता विचारणारं कुणी नाही.

आणि डिसेंबरात ग्दान्स्कहून एक पाकीट येतं. फोरमनची आई २०१४मध्ये वारली, पण पाकीट थांबलं नाही, आता नात पाठवते. आत ओप्वातेकच्या दोन वड्या, एक पांढरी आणि एक गुलाबी. गुलाबी गुराढोरांची. त्या रात्री बाराला जनावरं बोलतात असं तिकडे मानतात, म्हणून त्यांचाही वाटा.

गेल्या वर्षी पाकीट उघडलं तेव्हा आई पडवीत बसली होती. वडी हातात घेऊन तिने वास घेतला.

"ह्यां काय रे? पापड?"

मी सांगितलं, सगळं पुन्हा सांगितलं. दरवर्षी सांगतो. मी माझा कोपरा तिच्यापुढे धरला. कोकणची दमट हवा, वडी कडकन मोडत नाही, वाकते. दोन्ही हातांनी ओढून तिने तुकडा काढला, कपाळाला लावला आणि खाल्ला. माझ्यासाठी काय चिंतलं ते बोलली नाही. गुलाबी वडी तिने शेजाऱ्यांच्या गाईला घातली, गोग्रासासारखी, तळहातावरून.

मग हातातल्या उरलेल्या पांढऱ्या तुकड्याकडे बघत म्हणाली, "आणि त्येंका?"

मी केळीच्या पानाचा एक फाळका कापून आणला. तिने त्यावर तुकडा ठेवला, बाजूला सकाळच्या भाताचं शीत, आणि मी तो विहिरीच्या कठड्यावर नेऊन ठेवला. आम्ही दोघं पडवीत येऊन बसलो. थोड्या वेळाने माडावरून कावळा उतरला, भाताकडे बघितलंही नाही, आणि वडीचा तुकडा उचलून गेला.